चकतीभोवतीचं वर्तुळ

कोंबडीवाल्या काकूंच्या शेडमध्ये एक कोंबडी शिंकली की सगळ्यांना औषध मिळे. पाण्याच्या टाकीत अँटिबायोटिकची पुडी रिकामी करायची, ही सासऱ्यांची शिस्त. मग घरचंच अर्धकच्चं अंडं खाऊन काकूंचा नवरा आजारी पडला आणि पुडीला सरावलेल्या जंतूंपुढे दवाखान्यातली ओळखीची औषधं एकामागून एक हरली. तो कसाबसा वाचला. काकूंनी मात्र पुडीला पुन्हा हात लावला नाही.

त्यांनी शेड खरवडून धुतली, नवी पिल्लं आणली, दाटी कमी केली. आजारी कोंबडी वेगळी काढून डॉक्टरांना दाखवायची, बाकीच्यांना नुसतं स्वच्छ पाणी.

"सूनबाई, कोंबड्यांचं माहेर काढलंयस का?" सासरे टोमणा मारत. "मेल्या की बसशील रडत."

काही मेल्याही. पण काकू हटल्या नाहीत.

आज प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नणंदेने काकूंना आणि सासऱ्यांना काचेपलीकडून एक बशी दाखवली. बशीत शेडमधल्या जंतूंचा पांढुरका थर होता आणि मधोमध त्याच औषधात भिजवलेली कागदाची चकती. काकूंचा नवरा आजारी होता तेव्हाच्या बशीत जंतू चकतीला खेटून वाढले होते. आता तिच्याभोवती रुंद, मोकळं वर्तुळ होतं.

"वहिनी, औषध पुन्हा लागू पडतंय!"

काकूंचे डोळे भरून आले. सासऱ्यांनी वाकून बशी पाहिली. "म्हणजे आता पुडी टाकायला हरकत नाही."

"टाकून बघा, मामंजी. तुम्हालाच वेगळं काढून डॉक्टरांना दाखवीन."

नणंद खो-खो हसली. सासऱ्यांनी खिशातली पुडी काढून सुनेच्या हातावर ठेवली.