जमुनाबाईनं शोधलेलं पाणी

सिहोऱ्याच्या बाजारात मासे विकायला बसणाऱ्या बायकांत जमुनाबाईएवढी तोंडाळ दुसरी कुणी नव्हती. गिऱ्हाईक मासा उचलून उलटासुलटा करायला लागलं की ती म्हणायची, "पाहा, नीट पाहा. सोयरीक कराची आहे का त्याच्यासंग?" गिऱ्हाईक हसायचं आणि मुकाट्यानं मासा घेऊन जायचं. पण ही झाली बाजारातली जमुनाबाई. घरी आली की तिला तोंड उघडायचं कारणच उरत नसे. नवरा गोपीचंद जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा प्रीतम पुण्याकडे कारखान्यात नोकरीला, सून ज्योत्सना आणि नात रिंकू त्याच्याजवळ. घरात राहता राहिली एक कोंबडी. जमुनाबाई तिला शिव्या द्यायची, पण कोंबडी उलटून बोलत नसल्यामुळे त्यातही काही मजा नव्हती.

उन्हाळ्यात प्रीतम बायको-मुलीला घेऊन यायचा. सकाळी यायचा आणि दिवस कलायच्या आत निघायचा. मुक्काम नागपूरला, ज्योत्सनाच्या माहेरी. शेजारच्या बायका विचारायच्या, "लेक राहत नाही का वं एखादा दिवस?" जमुनाबाई सांगायची की त्याला सुट्टी नसते. खरं कारण वेगळं होतं आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरात पोर धड चालायला लागलं की आजी त्याला तलावावर नेते. पोटाखाली हात धरून पाण्यात आडवं करते आणि हळूच हात काढून घेते. पोर हातपाय झाडतं, एखादा घोट पितं, आजी उचलून घेते. गोपीचंदला असंच पाण्यात सोडलं होतं, प्रीतमलाही. रिंकू तीन वर्षांची असताना आली, तेव्हा जमुनाबाईनं कुणाला न विचारता तिला कडेवर घेतलं आणि तलावावर नेलं. हात काढला. रिंकू पाणी प्यायली, ठसका लागून काळीनिळी झाली, आणि नेमकी त्याच वेळी ज्योत्सना तलावाच्या बांधावर, पाळीवर, येऊन उभी होती. ती धावत आली, मुलीला ओढून घेतलं, एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, जमुनाबाईला भांडण निस्तरता येत होतं. पण ज्योत्सनानं नुसती बॅग भरली. त्यानंतर त्या घरात रिंकू एकदाही झोपली नाही.

या वर्षी उन्हाळा लागला आणि एका संध्याकाळी प्रीतमचा फोन आला. फोनमध्ये रिंकूचं तोंड. ती राहायची त्या सोसायटीत मुलांसाठी नवीन काहीतरी केलं होतं, ते तिला आजीला दाखवायचं होतं. फरशी होती, फरशीला भोकं होती आणि भोकांतून पाणी वर उडत होतं. मुलं त्यातून पळत होती. पाणी पडलं की फरशीवरून वाहून जात होतं, घोट्याएवढंही साचत नव्हतं.

"ह्याला स्प्लॅश पॅड म्हणतात आजी. तुझ्याकडे आहे?"

"आहे ना," जमुनाबाई म्हणाली. "कायले नसंन?"

शब्द तोंडातून गेला आणि मग तिला कळलं की आपण काय बोलून बसलो. मागून प्रीतमनं फोन घेतला. "माय, खरंच आहे का तिकडे असं?"

"खोटं कायले बोलू?"

"मग या वेळी राहतो आम्ही चार-पाच दिवस. ज्योत्सना नाही म्हणणार नाही, पाण्यात बुडायची भीतीच नाही त्यात. पण तिकीटवालं नको सांगून राहिलो. तिकीट काढून तर इथंच कितीतरी आहेत."

चार-पाच दिवस. जमुनाबाईनं फोन ठेवला. रात्री आपल्या अंगणात खाट टाकायची, रिंकूला जवळ घ्यायचं, सकाळी तिची वेणी घालायची, हे सगळं तिनं मनातल्या मनात करून टाकलं. आता फक्त पाणी शोधायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं बाजारातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा सपाटा लावला. लेकरं खेळतात, जमिनीतून पाणी उडतं, तिकीट लागत नाही, असं कुठं आहे? लोकांना नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून जो तो काहीतरी सांगे. एकानं तुमसरच्या एका बागेतलं कारंजं सांगितलं. जमुनाबाई एसटीनं गेली. कारंजं होतं, उडतही होतं, पण भोवती जाळी आणि जाळीजवळ चौकीदार. तो म्हणाला, हे पाहाचं पाणी आहे बाई, खेळाचं नाही. दुसऱ्यानं मोठ्या खात्रीनं एक पत्ता दिला. तिथं जाऊन पाहिलं तर ट्रॅक्टर धुवायचं सेंटर. पाणी जोरात उडत होतं, पण त्याला डिझेलचा वास. पाणी उडवणारा पोरगा म्हणाला, "काय धुवाचं आहे मावशी?" जमुनाबाई म्हणाली, "ज्यानं मले इथं पाठवलं त्याचं डोस्कं." तिसऱ्यानं भंडाऱ्याच्या वाटेवरची जागा सांगितली. तिथं तिकीट होतं आणि वर म्हणे पोहायचे वेगळे कपडे लागत.

घरी येऊन ती ओट्यावर बसली. एवढी वर्षं पाण्यावर पोट भरलं, गावाला तलाव, पलीकडे वैनगंगा, आणि नातीला भिजायला घोटाभर पाणी मिळत नाही, याचा तिला भयंकर राग आला. राग कुणावर काढायचा हे न कळल्यामुळे तिनं तो कोंबडीवर काढला.

पाणी सापडलं ते तलावाच्या पाळीखाली. तिथं गावातल्या मच्छीमार संस्थेची हॅचरी होती, म्हणजे माशांची अंडी उबवून जिरे, जिऱ्याएवढी पिल्लं, काढायची जागा. सिमेंटचं मोठं गोल टाकं, त्याच्या तळाला तिरप्या तोट्या, वरून झारीसारखे पाइप. हंगाम पावसाचा. तोपर्यंत टाकं कोरडंठाक पडून असायचं. गोपीचंद इथंच राखणदार होता. त्या सकाळी संस्थेचा अध्यक्ष परसराम तोट्या तपासत होता. मोटार सुरू केली आणि कोरड्या टाक्यात तळातून पाणी उसळलं, वरून झारी सुटली. पाळीवरून जाणारी जमुनाबाई जागच्या जागी थांबली. हंगामात हे टाकं तिनं नेहमी भरलेलं पाहिलं होतं. रिकाम्या टाक्यातून पाणी कसं उडतं, हे आजवर तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"परसरामभाऊ, चार-पाच दिवस हे टाकं मले द्या."

"काय करता वयनी?"

"नातीले खेळवतो."

परसराम गोपीचंदचा दोस्त होता. त्यानं डोकं खाजवलं आणि चावी दिली, पण बजावलं की कोणत्याही पोट्ट्याच्या अंगाले तेल-साबण नको. टाक्याला तेलकट लागलं तर जिरे मरतात. आणि दुसरं म्हणजे वॉल, पाणी कमी-जास्त करायचा चाकाचा व्हॉल्व्ह. तिथल्या वॉलचे आटे झिजलेले होते. मोटारीच्या थरथरीनं चाक आपोआप फिरत जाई आणि पाण्याचा जोर वाढत जाई. दोरीनं बांधून भागत नव्हतं, दोरी सरकायची. म्हणून हंगामात कुणीतरी मोटारीच्या खोलीत बसून चाक धरून ठेवायचं. गोपीचंद होता तेव्हा नवरा-बायको आळीपाळीनं धरायचे.

"ठाऊक आहे मले," जमुनाबाई म्हणाली. "माझ्या हातानं कवा जिरे मेले का?"

प्रीतम, ज्योत्सना आणि रिंकू आले. ज्योत्सनानं आधी टाकं पाहिलं. आत उतरून निचऱ्याचं तोंड उघडं आहे ना याची खात्री केली, तळ हातानं चाचपला, आणि मग सासूकडे बघून म्हणाली, "आई, छान आहे हे. मला नव्हतं वाटलं." जमुनाबाईनं मान हलवली. तीन वर्षांत सून तिच्याशी इतकं सरळ पहिल्यांदाच बोलली होती.

मोटारीच्या खोलीत जाऊन तिनं चाक धरलं. बाहेर पाणी उडालं आणि रिंकूची किंकाळी आली, पण आनंदाची. थोड्या वेळानं गावातली पोरंही आली. परसरामनं प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून तेल तपासलं आणि मग आत सोडलं. भिंतीपलीकडे नुसता कल्लोळ. जमुनाबाईला दिसत काही नव्हतं, भिंतीला खिडकी नव्हती. पण आवाजातून ती रिंकूचा आवाज बरोबर निवडून काढत होती. चाक जरा सैल वाटलं की ती घट्ट धरायची. जोर वाढला असता तर पाणी त्या पोरीच्या डोळ्यांत गेलं असतं, आणि मग पुन्हा बॅग.

प्रीतम एकदा आत आला. "माय, मी धरू का?"

"तू पोरीजवळ राह्य. तुले नाही जमाचं."

त्याला जमलं असतं. ढिवराचाच पोरगा होता तो. पण चार दिवसांसाठी आलेल्या लेकाला मोटारीच्या उकाड्यात बसवायचं तिच्या जिवावर आलं. तो गेला आणि परत विचारायला आला नाही. तिला वाटलं होतं, निदान एकदा तरी विचारेल.

शेतीची लाईन, म्हणजे शेतपंपांची वीज, त्या आठवड्यात दिवसाची होती, त्यामुळे सकाळपासून दुपार टळेपर्यंत पाणी चाले. रिंकू घरी यायची ती झोपेतच. घास तोंडात असताना डोळे मिटायचे आणि ज्योत्सना तिला उचलून आत, पंख्याखाली न्यायची. अंगणातली खाट रिकामी राहिली. सकाळी वेणी घालायला जावं तर पोरगी आधीच टाक्याकडे पळालेली. दोन दिवस रिंकू आजीच्या घरी राहिली, आणि या दोन दिवसांत आजीच्या वाट्याला आला तो भिंतीपलीकडचा आवाज.

तिसऱ्या दिवशी भर उन्हात लाईन गेली. मोटार घरघरून थांबली. गावातली पोरं थोडा वेळ रेंगाळली आणि घरोघर पांगली. परसराम, ज्योत्सना, प्रीतम सगळे गेले. रिंकू मात्र हटून बसली, लाईट येईपर्यंत इथून हलणार नाही म्हणाली. जमुनाबाई बाहेर आली. चाक धरून धरून तिच्या तळव्यांवर वळ उठले होते. ती टाक्याच्या कडेला, सावलीत, नातीजवळ बसली.

"आजी, तू रोज आत काय करतेस?"

"चाक धरतो. नाही धरलं तर पाणी मारते."

"मला?"

"तुले मारते, आणि माशाच्या पिलायले बी मारते." मग तिनं सांगितलं की पाऊस आला की इथं मोठ्या माशांना आणतात, अंडी पाण्यात गोल गोल फिरतात, आणि त्यातून जिऱ्यासारखी पिल्लं निघतात. रिंकू तोंड उघडं ठेवून ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं ओलं डोकं आजीच्या मांडीवर टाकलं.

"पिल्लं रडतात का?"

"रडत असतीन. पाण्यात कोणाले दिसते?"

रिंकू हसली. जमुनाबाईनं तिच्या केसांतून बोटं फिरवली. केस प्रीतमसारखे दाट होते. तिला इतकं बरं वाटत होतं की ती मासे, अंडी, गोपीचंद, जे आठवेल ते सांगत सुटली.

आणि तेवढ्यात मोटारीच्या खोलीतला दिवा लागला. रिंकूची पाठ तिकडे होती. जमुनाबाईला उघड्या दारातून तो पिवळा उजेड दिसला. ती बोलायची थांबली.

"लाईट आली का आजी?"

"नाही आली," जमुनाबाई म्हणाली. आणि पुढची गोष्ट सांगायला लागली.

ती गोष्ट बरीच लांबली. लांबवलीच तिनं. मग डोक्याला दुपट्टा बांधून प्रीतम पाळीवरून खाली आला. "माय, शेतीच्या लाईनीचा काही भरवसा नाही म्हणतात. ज्योत्सना म्हणून राहिली, पाणीच नाही तर पोरीले उन्हात कायले ठेवाचं? आता निघालो तर दिवस बुडाच्या आत नागपूरले पोचतो."

रिंकूनं डोकं उचललं. जराही विचार न करता म्हणाली, "चला पप्पा. इथं आता काहीच नाहीये."

तिला काही कळत नव्हतं, पाच-सहा वर्षांचं लेकरू ते. जमुनाबाईला हे पुरतं समजत होतं. तरी ते तिला लागलं.

"थांबा," ती म्हणाली. "लाईन आली आहे."

ती उठली, खोलीत गेली, मोटार सुरू केली आणि दोन्ही हातांनी चाक धरलं. बाहेर पाणी उडालं. रिंकू किंचाळली, प्रीतम मोठ्यानं हसला, कुणीतरी गावातल्या पोरांना हाका मारल्या. म्हणजे आज जात नाहीत. आणखी एक दिवस, फार तर दोन. मांडीवर जिथं रिंकूचं डोकं होतं तिथं लुगडं ओलं होतं, आणि मोटारीच्या उकाड्यात ते भराभर वाळत चाललं होतं. हात सोडता येत नव्हता, नाही तर तिनं त्यावर हात ठेवला असता.

उद्याही लाईन जावी, असं तिला मनापासून वाटलं. गेली तर ही माणसं निघून जातील, हे कळत होतं, तरीही वाटलं.