ठिपक्यांच्या दगडातलं पानी

आमच्या घरात पान्याच्या हंड्यांच्या कडंला एक दगड हाय. लांबीला हातभर, रंगानं काकवीसारखा, उचलाय गेलं तर दोन्ही हात लागत्यात. अंगाकडनं बघितलं तर दोऱ्यासारख्या उभ्या रेघा, आन तोंडाकडनं बघितलं तर सगळे ठिपकेच ठिपके. बारीक, दाट, एकाला एक लागून. गोवर उठलेल्या पोराचं अंग दिसतं ना, तसंच. लग्न हून आले तवा पहिल्यांदा बघितला आन अंगावर काटाच आला माज्या.

सासूला मी आत्या म्हनते. आत्या म्हनल्या, "ही गोवराची बाई. हिला पाय लावायचा नाय." मी कशाला लावतीय. सातवीत शाळा सुटलेली मी, सासरी कुनी नुसतं हाक मारली तरी छातीत धडधडायचं. आदीच हो म्हनून मोकळी व्हायचे.

आमचं गाव शिनोलीच्या पुढं, रस्त्यापासनं आत. आळीत कुनाच्या पोराला गोवर निघाला की बाया आमच्या दारात. मंग आत्या दगड उभा करायच्या, ठिपक्यांचं तोंड वर. त्याच्यावर तांब्याभर गार पानी, लिंबाचा पाला, दहीभाताचा निवद. ठिपक्यांमदी कुठं कुठं सुई जाईल एवढाली भोकं हायत, त्यात पानी ऱ्हातं. जवर भोकांत पानी हाय तवर बाई घरात बसल्यात. भोकं वाळली की बाई निघाल्या. तवर पोराला उंबऱ्याच्या भाईर काढायचं नाय, औशिद द्यायचं नाय, घरात फोडनी घालायची नाय. गोवर निघायचा बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडाला, त्यामुळं आज वतलेलं पानी उद्या वाळायचं, पोरं बी बरी व्हायची, आन कुनाचा इस्वास कदी हालला नाय.

माझ्या पोरीला निघाला तो थंडीत.

आठ म्हयन्याची व्हती. नवव्या म्हयन्याची गोवराची सुई अजून व्हायची व्हती. मालक विहिरी खोदायच्या क्रेनवर, कळंबच्या अंगाला काम चालू व्हतं, यायचे ते आठवड्याच्या बाजारादिवशी. तवा गावात मोबाईल कुठले. पहिला ताप, मंग डोळं लाल, मंग कानामागनं ठिपके सुरू झाले ते पोटावर आले. आत्यांनी पानी वतलं. मी पोरीला मांडीवर घिऊन बसले ती बसलेच. म्हशीची धार, भाकऱ्या, धुनं, सगळं चालूच, मधल्या येळंला परत मांडी. झोप म्हनजे काय ते इसरले. डोळं मिटलं की वाटायचं, हिचा श्वास थांबला. दचकून कान लावायचे. चालू असायचा. परत डोळं मिटायचे, परत दचकायचे.

ठिपके उतराय लागले तशी मी खुश झाले, पन श्वास उतरंना. उलट वाढला. नाकपुड्या फुलायच्या, बरगड्यांच्या खाली पोट आत वढलं जायाचं, आन प्यायला घेतलं की दोन घोट वढून सोडून द्यायची. रडाय बी येत नव्हतं तिला, नुसतं तोंड वाकडं करायची. मी म्हनले, "आत्या, मंचरला नेऊ का हिला?" आत्या हंड्यांकडं गेल्या, वाकून बघितलं, आन म्हनल्या, "अजून वल्या हायत बाई."

सकाळी वल्या. दुपारी वल्या. हंड्यांच्या कडंला ऊन नाय, वारा नाय, भाईर सगळं दवानं भिजल्यालं. वाळायचं कसं?

त्यातच एक दगडवाला आला. आमच्याकडं विहिरीला सुरुंग लावला की आतनं पांढऱ्या, हिरव्या खड्यांच्या गारा निघत्यात, त्या इकत घेनारी मानसं फिरत्यात. मालकांच्या वळखीचा व्हता, नारायणगावला खोली घिऊन ऱ्हायचा. दारात उभं राहून म्हनला, "वैनी, भाऊ हायत का?"

आत्या वट्यावरनंच म्हनल्या, "भाऊ नाय. दगडं पायजेत तर त्यो समोरचा डोंगर घिऊन जा, आमाला शेताला जागा हुईल."

"मावशी, डोंगराला पोतं पुरत नाय. पानी तरी द्या."

मी पोरीला खांद्यावर टाकून पानी आनाय गेले, त्याची नजर माझ्या मागनं आत गेली, आन तो तांब्या घ्यायचाच इसरला. "हा कुठनं आनला?"

"हात लावू नका," आत्या उठल्याच. "गोवराची बाई हाय. लांबनं पाया पडा."

तो पाया पडला, खोटं कशाला बोलू. मंग गुडघ्यावर बसून बघत म्हनला, "मावशी, हे लाकूड हाय."

"लाकूड? मंग आजची भाकर ह्याच्यावरच भाजते."

"आता दगड हाय, पन व्हतं झाडच. शिंदीच्या, ताडाच्या भावकीतलं. हे ठिपके म्हनजे त्याच्या पानी वर न्यायच्या नळ्या. पडलं चिखलात, वर आगीचा रस आला, ज्याचे थिजून हे डोंगर झाले, आन गारगोटीचं पानी मुरून मुरून लाकडाच्या जागी दगड झाला. नळ्यांची जागा तशीच ऱ्हायली."

डोंगर आगीच्या रसाचे हायत एवढं मला शाळेतलं आठवत व्हतं. मी इचारलं, "मंग ती झाडं कुठं हायत आता?"

"कुठंच नाय वैनी. मानूस यायच्या लई आदी संपली ती. जातच संपली. बी सुदीक ऱ्हायलं नाय."

तो साधंच बोलला व्हता. पन मांडीवरनं खांद्यावर, खांद्यावरनं मांडीवर अशी पोर घिऊन किती दिस काढलेले, आन हा म्हनतोय, बी सुदीक ऱ्हायलं नाय. मी भिंतीला टेकले.

दगडवाला आत्यांना म्हनला, "पन हा आपल्याकडचा नाय. मला तरी इकडं कदी घावला नाय. तिकडं नागपूरच्या अंगाला निघत्यात असले."

त्यानं पानी प्यालं, पोरीकडं बघून "जपा वैनी" म्हनला आन गेला. तो गल्लीच्या भाईर पडल्यावर आत्या हळूच म्हनल्या, "तुझे सासरे ट्रकवर व्हते. बटाटं घिऊन नागपूरला जायाचे. चढावर गाडी थांबली की चाकाखाली लावायला आनला व्हता त्यांनी ह्यो. मंग तुझ्या मालकाला गोवर निघाला लहानपनी, आन एक म्हातारी आलेली बघायला, ती म्हनली, अगं हिच्या बी अंगावर आल्यात बघ. तवापासनं."

"मंग आत्या..."

"मंग काय? झाड असू दे न्हाईतर चाकाचा दगड. इतकी पोरं बरी झाली ती काय उगंच?"

त्या गोठ्यात गेल्या. मी पोरीला गोधडीवर ठिवलं. माझ्या माहेरी, जुन्नरच्या अंगाला, ओढ्यावर शिंदीचं एक खोड आडवं टाकल्यालं व्हतं, त्याच्यावरनं आमी शाळंत जायाचो. त्याच्या कापलेल्या तोंडाला हेच ठिपके व्हते. काडी घातली की आत जायाची. आन पाऊस जाऊन दिवाळी झाली तरी त्याच्यात पानी असायचं, आमी पोरी काडीनं शिंपडायचो एकमेकींच्या अंगावर. म्हंजे नळीच ती. नळीतलं पानी असं वाळतंय व्हय सावलीत? बाई काय बसून नव्हत्या आमच्या घरात. ते झाड पानी धरून बसलं व्हतं, मेलं तरी त्याची सवय गेली नव्हती, आन त्याचं पानी सुटायची वाट बघत माझी पोर तिथं पोट आत वढत व्हती.

हे मला कळलं. पन आत्यांना म्हनायची हिंमत कुठनं आनू? भांडून पोर उचलून नेली आन वाटंत तिला काय झालं तर जलमभर ऐकून घ्यावं लागंल, हे बी मनात आलंच. आन खरं सांगायचं तर मला बी बाईंची भीती वाटत व्हतीच. झाड हाय हे कळल्यावर सुदीक वाटत व्हती.

मी हंड्यांपाशी बसले, पदराचं टोक पिळून बारीक केलं आन एका एका भोकात घालाय लागले. भिजलं की दुसरं टोक. मधीच फुंकर. फुंकून फुंकून मलाच चक्कर आली. भोकं किती व्हती त्याला गनतीच नाय.

"पदरानं पुसतीस?"

आत्या मागं उभ्या. शेनाचं हात तसंच. वाटलं आता काय खरं नाय.

आत्या पोरीकडं गेल्या, खाली वाकल्या, तिच्या पोटावर नजर लावून उभ्या ऱ्हायल्या. मंग हात धुवून आल्या आन म्हनल्या, "सर तिकडं. तुझ्या फुंकरीनं उद्या सकाळ हुईल." दगड दोन्ही हातांनी उचलला, कमरंला लावला, आन नेऊन चुलीच्या शेजारी निखाऱ्यांपाशी ठिवला. ठिपक्यांचं तोंड जाळाकडं.

"आत्या, असं चालतं व्हय?"

"थंडीचं दिस हायत. त्यांना बी ऊब लागत आसंल."

आमी दोघी तिथं बसलो. भोकांतनं बारीक वाफ निघाली. आत्या मधीमधी दगडाकडं हात जोडायच्या, मधीमधी पोरीकडं बघायच्या. मला तवा कळलं, दोन दिस आत्यांनी सुदीक धड खाल्लं नव्हतं. मंग त्यांनी अंगठा ठिपक्यांवर दाबला, उजेडात धरून बघितला. "वाळल्या बाई. आवर. चादर घे मोठी."

शिनोलीपर्यंत एकाच्या मोटारसायकलवर, तिथनं जीपमदी. जीप खच्चून भरलेली. एक बाई म्हनली, "अगं गोवराची पोर अशी भाईर काढली, वारं लागंल की."

आत्या म्हनल्या, "तुझ्या तोंडाचंच लागतंय तिला. मिट जरा."

डायवर हसला आन आमाला पुढं बसवलं.

मंचरला लहान पोरांच्या डाक्टरनं छातीला यंत्र लावलं, दोन्ही बाजू ऐकल्या, आन नर्सला कायतरी पटपट सांगितलं. पोरीच्या नाकाला नळी, हाताला सलाईन. मंग आमच्याकडं वळून म्हनले, "छातीत कफ झालाय, निमोनिया आहे. गोवरानंतर होतो. इतका श्वास लागेपर्यंत का थांबलात?"

आत्या म्हनल्या, "वाळत नव्हत्या."

"काय वाळत नव्हतं?"

"तुमाला नाय कळायचं डाक्टर. तुमी सुई द्या."

डाक्टर म्हनले, आज उद्या बघू, मग सांगता येईल. मी खाटंच्या बाजूला फरशीवर बसले आन परत तेच, श्वास मोजल्यासारखं बघत बसायचं. वर, खाली. वर, खाली. दुसरं काय दिसतच नव्हतं. नर्स म्हनली जरा पडा, मी नाय पडले. मी डोळं मिटलं की थांबंल, असं डोक्यात बसलं व्हतं.

दुसऱ्या दिशी दुपारी आत्यांनी माझा दंड धरला. "सर तिकडं."

"नको आत्या. तुमाला नाय कळायचं श्वास कदी थांबला ते..."

"तिचा बाप कुनी वाढवला? हो बाजूला." त्यांनी पोरीच्या पोटावर हात ठिवला, सपाट, हलका. "माझा हात वरखाली हुतोय तवर ती हाय. आन माझा हात मी काढत नाय. झोप."

मी तिथंच फरशीवर आडवी झाले. अंगाखाली चादर नव्हती, कोन जातंय कोन येतंय त्याची सुद नव्हती. इतक्या दिसांनी पहिल्यांदा दुसरं कुनीतरी तिचा श्वास बघत व्हतं.

जाग आली ती वरडन्यानं. पोर रडत व्हती. मोठ्यांदा, घसा फाडून, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशी. मी धडपडत उठले, काय झालं, काय झालं म्हनत. आत्यांचा हात अजून तिथंच, पोटावर.

"काय व्हायचंय?" त्या म्हनल्या. "भूक लागलीय तिला. घे की, बघत काय बसलीस."