वाल्मीक डेर्ले घरी नव्हते

वाल्मीक डेर्ले पहिल्यांदा वर्गात आले, तेव्हा मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, नवे सर आले. डेर्ले पहिल्या बाकाच्या डाव्या टोकाला जाऊन बसले आणि वही उघडून फळ्याकडे बघू लागले. वय सदतीस, गाव सायखेडा, तोफखान्यात सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी नाशिकच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या वर्गांना गणित शिकवते. माझ्या वर्गात माझ्याहून मोठा विद्यार्थी त्याआधी कधी बसला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात मी दाराजवळ उभी राहून हजेरी घेत होते. त्यांचं नाव तीनदा पुकारलं, त्यांनी मान वळवली नाही. मला तो उर्मटपणा वाटला आणि मी गैरहजेरी मांडली. तास सुटल्यावर ते टेबलापाशी आले.

"मॅडम, माझा डावा कान तोफेनं नेलाय. उजव्या बाजूनं हाक मारत जा."

बोलण्यात विनवणी नव्हती. रस्ता सांगावा तसं सांगितलं आणि गेले.

गावात त्यांच्यासाठी सगळं आधीच ठरलेलं होतं. मेहुण्यानं पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये सिक्युरिटीची नोकरी बघून ठेवली होती. सैन्यातून आलेला माणूस बँकेच्या नाहीतर गोदामाच्या दारावर उभा राहणार, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. डेर्ल्यांनी मेहुण्याला सांगितलं, "सतरा वर्षं दारावरच होतो. आता आत बसायचंय." मेहुणा चार महिने बोलला नाही. बायको निकिता तेवढी म्हणाली, की जायचं तर रडतखडत जाऊ नका, नीट जा.

पहिल्या सत्रात कॅल्क्युलसच्या पेपरात त्यांना चाळीसपैकी नऊ गुण पडले. मी त्यांना बाजूला घेऊन, चांगल्या हेतूनंच, कला शाखेत बदली मिळते असं सुचवलं. त्यांनी उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, कुठं चुकलं ते दाखवा, बाकी मी बघतो. बघितलं तर निम्मी उत्तरं बरोबर होती, पण पायऱ्या कुठंच नव्हत्या. आघाडीवर तोफेचा पल्ला आणि कोन तोंडी काढायची सवय, तिथं पायऱ्या कोण लिहीत बसणार? त्यानंतर दोन महिने ते रोज एक गणित सगळ्या पायऱ्यांसकट लिहून माझ्या टेबलावर ठेवत. त्या पेपराला ते पुन्हा बसले आणि सुटले. कला शाखेचं नाव मी परत काढलं नाही.

पुढच्या जूनमध्ये नामपूरचा सोमनाथ पगार प्रवेशासाठी आला. तोही माजी सैनिक, पायदळातला नाईक. बारावीनंतर एवढी वर्षं मध्ये गेलेली, म्हणून खिडकीवरच्या मोहिनीताईंनी त्याच्याकडे गॅप सर्टिफिकेट मागितलं आणि ऑफिसचा ठरलेला नमुना हातात दिला. तो स्टॅम्पपेपरवर टाइप करून आणायचा आणि खाली सही करायची. सोमनाथ तो टाइप करून परतला, तेव्हा डेर्ले परीक्षेचा फॉर्म भरायला त्याच रांगेत होते. त्यांनी सोमनाथच्या हातातला टाइप केलेला कागद घेऊन वाचला. त्यात लिहिलं होतं : 'सदर कालावधीत मी घरीच होतो व कोणतेही काम केलेले नाही.'

"यावर सही करायची नाय," डेर्ले म्हणाले.

सोमनाथ आधीच चार बस बदलून आला होता. तो आपल्या अहिराणीत म्हणाला, "करी टाकस ना भाऊ, काय फरक पडस?"

डेर्ल्यांनी कागद हातातच ठेवला. नंतर त्यांनी मला सांगितलं, की त्या क्षणी त्यांना स्वतःचीच लाज वाटली होती. आदल्या वर्षी घाईत न वाचता त्यांनीही हाच कागद सही करून दिला होता.

मोहिनीताईंनी सांगितलं, नमुना बदलता येत नाही. डेर्ले सोमनाथला घेऊन प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं, तुमचा विद्यार्थी आहे, समजवा म्हणून. प्रवेशाचा शेवटचा दिवस होता आणि पाचला खिडकी बंद होणार होती. मी समजवायला गेले होते खरी, पण तिथं नुसती उभी राहिले.

प्राचार्य म्हणत होते की हा साधा नमुना आहे, सगळे सही करतात, कोणी वाचतही नाही. डेर्ले ताठ उभे होते.

"सर, हा माणूस दोन हिवाळे बर्फात होता. तो घरी होता, असं तुम्ही शपथेवर लिहून घेताय. उद्या तो वर्गात बसणार तो खोट्या शपथेवर बसणार. आम्हाला ते जमणार नाही."

"मग प्रवेश राहील," प्राचार्य म्हणाले.

"राहू द्या. पण का राहिला, ते मला लिहून द्या."

प्राचार्यांनी चष्मा काढला. तेवढ्यात मोहिनीताई न विचारताच आत आल्या. तेरा वर्षं त्या खिडकीवर बसलेली बाई, तिनं प्राचार्यांपुढे आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांच्या हातात विद्यापीठाचं परिपत्रक होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवून एका ओळीवर बोट टेकवलं. खंडाचं कारण नमूद करावं, एवढंच तिथं होतं. घरी होतो हे वाक्य आपल्याच ऑफिसात कुणीतरी कधीतरी टाइप केलेलं आहे, असं त्यांनी सांगितलं आणि प्राचार्य काय म्हणतात याची वाट बघत तिथंच थांबल्या.

पाचला दहा मिनिटं कमी असताना सोमनाथनं नव्या कागदावर लिहिलं की सदर कालावधीत मी भारतीय सैन्यात सेवा करत होतो. सही करताना त्यानं कागद दोनदा वाचला.

मग डेर्ल्यांनी स्वतःची फाईल मागितली. तुमचा प्रवेश कधीच झालाय, आता बदलायची गरज काय, असं प्राचार्यांनी विचारलं.

"गरज मला आहे," डेर्ले म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा स्टॅम्पपेपर आणून दिला.

ही गोष्ट माजी सैनिकांत कशी पसरली कोण जाणे. पुढच्या वर्षी आणखी तिघं आले. डेर्ले त्यांचे फॉर्म तपासायचे, वर्गात मुलं हसली तर कुठं बघायचं हे सांगायचे आणि चाचणीत नापास झालेल्याला एस.टी. स्टँडवरून परत आणायचे. समाधान नावाचा एक जण तरीही बँकेच्या दारावर गेलाच. डेर्ल्यांनी त्याला नावं ठेवली नाहीत, पण दर सत्राला प्रवेशाची तारीख मात्र कळवत राहिले.

जानेवारीत कॉलेजनं सव्वीस तारखेला त्यांचा सत्कार ठरवला. पदकं लावून मंचावर बसायचं, शाल घ्यायची. डेर्ल्यांनी लेखी नकार दिला. अर्जात खाली मागणी होती : शालीऐवजी ग्रंथालयात दुपारी दोन ते चार एक टेबल आम्हाला राखून द्यावं. प्राचार्य रागावले. सत्काराच्या यादीतलं नाव खोडलं गेलं आणि अर्ज पडून राहिला. डेर्ले दर सोमवारी त्याची चौकशी करत राहिले, सलग पाच सोमवार.

टेबल मार्चमध्ये मिळालं, मासिकांच्या रॅकमागे, पंखा नसलेल्या कोपऱ्यात. परवा मी तिथून गेले तेव्हा सोमनाथ एका गणितावर अडला होता आणि राहू द्या आता, असं म्हणत होता. डेर्ल्यांनी पेन त्याच्या हातात परत दिलं.

"अजून चार वाजायचेत," ते म्हणाले. "पुढची पायरी लिही."