अंधाऱ्या खोलीतली वहिनी

माझ्या नवऱ्याला धनुर्वात झाला तेव्हा देश स्वतंत्र होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. श्रीवर्धनला आमच्या सुपारीच्या बागेत शेणखत ओढताना यांच्या पायात गंजका खिळा घुसला. यांनी त्यावर हळद दाबली आणि पुन्हा कामाला लागले. पुढे एक दिवस जेवायला बसले तर तोंडच उघडेना. मला आधी वाटलं, भाजी आवडली नाही म्हणून रुसलेत.

बोटीने मुंबईला नेलं. बरोबर मी, माझं अंगावर पिणारं मूल आणि थोरल्या जाऊबाई. मोठे दीर वारल्यापासून त्या आमच्याकडे राहत होत्या. खरं तर आम्हीच त्यांच्याकडे राहत होतो, कारण घर त्याच चालवत. इस्पितळात यांना अंधाऱ्या खोलीत ठेवलं. कुठे खुट्ट वाजलं, उजेडाची तिरीप आली, की यांचं अंग कमानीसारखं ताठ व्हायचं. श्वास अडकायला लागला तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी घातली. परिचारिका मला म्हणाली, एकीला आत बसता येईल, पण हातातल्या बांगड्या काढाव्या लागतील.

नवरा असा पडलेला आणि बांगड्या काढायच्या! मी हात पदराखाली घेतले. जाऊबाईंनी मला बाजूला केलं. "तुझ्या राहू दे हातात. माझे हात रिकामेच हायत," म्हणाल्या आणि आत गेल्या. विधवापणाचं दुःख त्यांनी कधी मिरवलं नव्हतं, त्या दिवशी मात्र ते सरळ कामाला लावलं.

मी मूल घेऊन गावी परतले, बाग बघायला कुणीतरी हवंच होतं. तिकडे जाऊबाई त्या खोलीत बसून राहिल्या. ही बाई झोपेतसुद्धा बडबडायची, कोंबड्यांशी तासन्‌तास भांडायची. ती आठवडेच्या आठवडे अंधारात तोंडाला कुलूप लावून बसली. नाकातल्या नळीतून दूध घालत होती, हे नळी उपटायला लागले की यांचे हात धरत होती. हात धरून पुरेना तेव्हा आपल्या लुगड्याची पट्टी फाडून तिने ते खाटेला बांधले. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं.

हे जिवंत घरी आले. गाव बघायला लोटला, नारळ ओवाळून टाकला, सगळं झालं. पण बरं होणं कशाला म्हणतात ते आम्हाला त्यानंतर कळलं. पाठीला बाक आला होता, पाय काटक्यांसारखे झाले होते, आवाज घोगरा झाला होता तो तसाच राहिला. विहिरीवरचा रहाट कुरकुरला की हे दचकून घामाघूम होत. मग जाऊबाईंनी बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ काढली. यांना मी समुद्रावर फिरवायला नेलं की तेवढ्या वेळात त्या रहाट चालवून बाग शिंपून घेत. स्वयंपाकघरातली पितळी पळी जाऊन लाकडी डाव आला.

आणि याच बाईच्या हातचं यांना नको झालं.

एकदा त्या ताट घेऊन आल्या तशी हे भिंतीला चिकटले. मला म्हणाले, "हिने मला बांधून घातलं. छातीवर बसली, गळ्यात सुया खुपसल्या. कानात म्हणाली, बाग माझी झाली." मी थक्क झाले. बांधलं होतं हे खरं, बाकीचं सगळं तापलेल्या डोक्यातलं. मी भांडायला उठले तर जाऊबाईंनी मला आत ओढलं.

"वाद घालू नको गो. गळ्यात नळी होती तवा बिचाऱ्याला बोलता येत न्हवतं. आता बोलू दे."

त्या दिवसापासून त्या स्वयंपाक करीत आणि मी वाढी. मऊ भात, कुळथाचं कळण, नरम शिजवलेला भोपळा. सगळं त्यांच्या हातचं, नाव माझं. माझा हात असा गोड कधीच नव्हता, हे यांना कळू नये याचं मला राहून राहून नवल वाटे. वर्ष झालं. हे काठी टाकून बागेत फिरू लागले, माडाखाली बसून मजुरांवर ओरडू लागले. भीती मात्र जराही उतरली नाही. शेवटी एके दुपारी म्हणाले, "वहिनीची चूल वेगळी कर. पडवीत राहू दे तिला."

जाऊबाईंच्या कानावर ते गेलं. त्यांनी लुगडी बोचक्यात बांधली आणि म्हणाल्या, "चार दिवस मुंबईला भावाकडं जाऊन येते." भावाच्या एका खोलीत सात माणसं होती. चार दिवसांनी त्या येणार नाहीत हे मला ठाऊक होतं, त्यांनाही.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी यांच्यापुढे उभी राहिले आणि लग्नानंतर पहिल्यांदा आवाज चढवला. "तिला तुमचा जीव घ्यायचा व्हता, तर तुम्ही हितं बसलाय कसे? अंधारात तुम्ही दोघंच व्हता. कोण बघणार व्हतं?"

हे वाकून तळपायावरचा खिळ्याचा वण चाचपू लागले.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई निघायच्या आधी मी पानं मांडत होते. हे आले आणि पाटावर बसले. मी भाताचं भांडं उचललं तसा यांनी हात आडवा धरला. चुलीशी बसलेल्या जाऊबाईंकडे बघितलं. यांच्या कपाळावर घाम फुटलेला मला दिसत होता.

"वहिनी," घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मला अजून तुम्ही सुई घेऊनच दिसता. आताही दिसताय. डोळ्यांचं मला काय करता येत न्हाय. पण तुम्ही जाऊ नका. वाढा."

माझ्या नवऱ्याला मी त्याआधी शूर म्हटलं नव्हतं. जाऊबाई उठल्या, त्यांनी भात वाढला. यांनी डोळे मिटले, घास तोंडात घातला आणि गिळला.