फॉर्म भरणारे चाचा

वडवणीच्या बसस्टँडसमोर त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. नाव मी कधी विचारलं नाही. ते दोन बोटांनी टाइप करतात आणि प्रत्येक अक्षर मोठ्यानं वाचतात. रांगेतली माणसं वैतागतात, पण चाचांचा वेग काही वाढत नाही.

माझ्या पोरीला सैन्यात अधिकारी व्हायला एनडीएत जायचं होतं. वयाच्या अटीमुळं ही तिची शेवटची संधी होती, आणि फॉर्मचाही शेवटचा दिवस. सगळं भरून झालं, तरी चाचा बटण दाबेनात.

"जन्मतारीख कशावरून सांगितली?"

"आधारवरून. चाचा, लई उशीर झालाय, पाठवा आता!" मी जवळजवळ ओरडलोच.

"दहावीची सनद बघितल्याबिगर मी पाठवत न्हाई."

सनद घरी होती. चिडूनच बायकोला फोन लावला. तिनं फोटो पाठवला, तर सनदेवर तारीख वेगळी! एनडीएला दहावीचीच तारीख लागते. शेजारी उभ्या पोरीनं बोटांवर वय मोजलं, या तारखेनंही ते अटीत बसत होतं. चाचांनी शांतपणे आकडे बदलले, तिच्याकडून वाचून घेतले आणि मगच बटण दाबलं.

मी माफी मागायला लागलो, तर म्हणाले, "घाई बापानं करायची असती. मी न्हाई."

पोर लेखी परीक्षा पास झाली, मुलाखतीला गेली. कागदपत्रं तपासायच्या दिवशी मी फोन हातात घेऊनच बसलो. संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, कुठल्याच कागदावर अडलं नाही. आईला मी सांगते, तुम्ही चाचांकडं जा."