पाणी चाखणारा

१९८६ साली बोरिवलीच्या आमच्या घरात खाऱ्या पाण्याचा दीडशे लिटरचा फिशटँक होता. त्यासाठी मनोरीचा एक कोळी दर दुसऱ्या रविवारी समुद्राचं पाणी आणायचा, वीस लिटरचे दोन कॅन. नाव मी कधी विचारलं नाही. तो उंबऱ्याच्या आत येत नसे. टँकमधलं पाणी वाटीत आणून दिलं की बोट बुडवून चाखायचा आणि खारटपणा सांगायचा. माझ्या क्षारमापकाशी ताडून पाहिला, तर त्याचा अंदाज कधी चुकला नाही.

काचेवर शेवाळ धरलं तेव्हा शोभेच्या माशांचा दुकानदार म्हणाला, शेवाळ खाणारा मासा सोडा. ऑफिसातला मित्र म्हणाला, "सोडू नकोस रे, उपाशी मरेल." मी सोडला, आणि सवयीने काचही रोज पुसत राहिलो. महिन्याभरात माशाचं पोट खपाटीला गेलं. मी हे कोळ्याला सांगितलं.

"शेठ, त्याचं ताट तुमीच पुसता ना!"

पुढच्या खेपेपासून तो न सांगता शेवाळलेला दगड आणू लागला. मासा चांगला भरला.

एका रविवारी त्याने नुसतं पाणी आणलं.

"दगड कुठाय?"

"खानारा नाय ना आता."

मी आत धावलो. मासा मजेत काच चाटत होता.

"अरे, जिवंत आहे की!" मी बाहेर येऊन हसलो. तो हसला नाही. रिकामे कॅन उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासा तळाशी आडवा पडला होता. क्षार आणि तापमान मी दोन-दोनदा मोजलं. दोन्ही बरोबर होतं.

तो नंतरही येत राहिला. पण दार उघडलं की त्याने काय आणलेलं नाही, तेच मी आधी बघत असे.