दात नसलेली फळी

दुकानात शेगडीची जाळी घासायच्या ब्रशांची अख्खी भिंत होती आणि ऑर्थेलिया प्रुइट त्या भिंतीशी भांडत होती.

"हा घ्या, मिस ऑर्थेलिया," दुकानदार वेन्डल म्हणाला. "तारेचा. सगळ्यात जास्त हाच खपतो."

"ब्रश खपतो आणि त्यापायी माणसंही खपतात!" तिनं दोन बोटांनी एक तार धरून ओढली. तार अलगद हातात आली. "बघ! अजून पिशवीत गेला नाही, तोवर दात पडायला लागले याचे."

वेन्डलनं ब्रश परत खुंटीला अडकवला. सेंट लुईस शहराच्या उत्तरेकडच्या त्या भागात गेल्या उन्हाळ्याची गोष्ट माहीत नसलेला माणूस नव्हता. ऑर्थेलियाच्या शेगडीवरचा डुकराच्या खांद्याचा जाडजूड काप खाताना तिच्या जुन्या मित्राच्या, क्लिओथा बँक्सच्या, घशात तार अडकली. जाळी घासताना ब्रशमधून निसटलेली, पापणीच्या केसाएवढी. ऑपरेशन करून काढावी लागली. असले ब्रश बनवणाऱ्यांना आधी त्यांच्याच जाळीवरचं जेवायला बसवलं पाहिजे, असं ऑर्थेलिया तेव्हापासून भेटेल त्याला ऐकवत होती.

क्लिओथा तिला एका शब्दानं बोलला नाही. फक्त कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत यायचा बंद झाला.

तिथली शेगडी त्यानंच केलेली होती. तेलाचं पिंप उभं चिरून, पाय जोडून, वर जाळी. तो कारखान्यात वेल्डर, ही शहर बसची ड्रायव्हर. दोघं निवृत्त झाली तरी शनिवारी विस्तव पेटायचाच. गल्लीतल्या दिव्यांसाठी नगरपालिकेवर मोर्चा न्यायचं त्या पिंपाभोवती ठरलं होतं. शाळेला टाळं लागणार होतं तेव्हा तोंडाला सॉस लागलेल्या माणसांनी तिथंच घोषणा लिहिल्या होत्या. आता पिंपावर ताडपत्री होती. ऑर्थेलिया चर्चच्या तळघरात बैठक बोलवायची, तर चार डोकी यायची आणि त्यातली दोन घड्याळ बघायची. क्लिओथा आला तर गल्ली येईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याला बोलवायचं तर हातात भरवशाचा ब्रश हवा होता.

"प्लास्टिकचा बघता?"

"तो गार जाळीवर चालतो. गार झाल्यावर चरबीचा दगड होतो, बाबा. जाळीवर अर्धा कांदा घास म्हणशील, तर तो पुसतो, खरवडत नाही."

वेन्डलनं खालच्या खणातून एक रुंद लाकडी फळी काढली. लांब दांडा, पुढची कड पातळ.

"हिला दात कुठे आहेत?"

"ते तुम्ही आणायचे. तापलेल्या जाळीवर दाबून घासत राहायचं. गज लाकडात रुततात, खाचा पडतात. मग ती तुमच्याच जाळीची होते, दुसऱ्या कुठल्या नाही. आणि तुटलीच तर लाकूड आहे, तार नाही."

ऑर्थेलियानं फळी उलटसुलट केली, नाकाशी नेली. "लाकडाच्या तुकड्याला एवढे पैसे घेतोस, लाज नाही वाटत?" म्हणाली, आणि घेतली.

संध्याकाळी तिनं ताडपत्री काढली, कोळसे पेटवले आणि जाळी लाल होईतो वाट पाहिली. मग अंगातलं सगळं बळ लावून घासलं. फळीला नुसते काळे डाग पडले, खाच एकही नाही. जाळीची भोकं शंकरपाळ्यांच्या आकाराची, सरळ गज एकही नाही. लाकडानं रुतायचं तरी कुठे? तिनं आधी वेन्डलला शिव्या दिल्या, मग स्वतःला. आपण ज्या जाळीपुढे आयुष्य काढलं तिचा आकार दुकानात आठवू नये!

जाळी बदलून सरळ गज घालायला हवे होते. दुसऱ्या गल्लीतल्या कुणीही तासाभरात केलं असतं. पण क्लिओथाच्या पिंपाला क्लिओथाला न विचारता हात लावायचा? नगरपालिकेतल्या साहेबांच्या टेबलावर मूठ आपटणारी बाई त्याच्या पायरीशी येऊन घुटमळली.

तो ओसरीतच बसला होता. "धूर दिसला," म्हणाला.

"मांस नव्हतं. नुसती जाळी तापवली."

त्यानं फळीकडे पाहिलं. "हे काय, वल्हं? मिसिसिपीत उतरतेस की काय या वयात?"

"तुझी जाळी हिला दात येऊ देत नाही. सरळ गज हवेत."

"माझ्या जाळीला नाव ठेवायला आलीस?"

"हो. आणि तू माझ्यावर रागावलायस, तर तेही आत्ताच बोलून टाक. हे मुकं राहणं मला पुरे झालं."

क्लिओथानं गळ्यापाशी हात नेला. "राग असता तर बरं झालं असतं, ऑर्थेलिया. राग सांगता येतो. मला भीती वाटते. घरीसुद्धा घास चावत बसतो, गिळवत नाही. चारचौघांत असं बसायचं? मी?"

वर्षभर ती त्याचा राग घालवायची तयारी करत होती, आणि राग नव्हताच.

"मग भीत भीत खा," ती म्हणाली. "पण घरात कोंडून घेऊन नको. तिथं येऊन खा."

त्यानं फळी हातात घेतली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. "दोन गजांत बोटाएवढंच अंतर ठेवतो," म्हणाला. "नाहीतर तुझे काप खाली पडतील, आणि त्याचाही दोष मलाच देशील."

शुक्रवारी गज बसले. जाळी तापली, दोघांनी आळीपाळीनं फळी दाबली. लाकूड चरचरलं, गोड धूर निघाला आणि कडेवर हळूहळू खाचा उमटल्या. क्लिओथानं पांढरं फडकं घेऊन एकेक गज पुसला, फडकं उजेडात धरून पाहिलं. मग पुन्हा पुसला. ऑर्थेलियानं त्याला घाई केली नाही, आणि तिच्या स्वभावाला हे सोपं नव्हतं.

शनिवारी वास गल्लीभर गेला. माणसं खुर्च्या घेऊन आली, नेहमीसारखी फुकट सल्ले देत. पहिला काप क्लिओथाच्या पानात पडला. त्यानं अगदी लहान तुकडा केला. चावत राहिला. सगळ्यांना एकाएकी आकाश बघायचं सुचलं. ऑर्थेलिया मात्र नजर न हलवता बघत होती.

त्यानं गिळलं. थोडा थांबला. दुसरा तुकडा केला, पहिल्यापेक्षा जरा मोठा.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"तुझं डोकं कमी आहे," ती म्हणाली, आणि चिमट्यानं पिंपावर ठणठण वाजवलं. "ऐका सगळे! कोपऱ्यावरचे दिवे परत बंद पडलेत. सोमवारी नगरपालिकेत कोण कोण येतंय?"

पहिला हात क्लिओथाचा वर गेला. तोंडात घास होता, म्हणून तो बोलला नाही.